मुरबाडच्या खुरासणीचा मध: दोन हंगामांच्या नोंदी

मी ऐरोलीला राहते. तुर्भ्याच्या एका रंगाच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीत २४ वर्षं काढली. मुरबाड तालुक्यात, माळशेजच्या डोंगरांच्या पायथ्याला माझ्या आतेभावाची, म्हणजे दादाची, शेती आहे. मागच्या वर्षी दादाने कुणाकडून तरी ‘खुरासणीचा मध’ (खुरासणी म्हणजे कारळा, तेलबियांचं पीक) म्हणून एक बाटली आणली. वहिनीने ती उजेडात धरली आणि विचारलं, “खुरासणीचाच कशावरून?” मला उत्तर देता आलं नाही. या नोंदी त्या प्रश्नासाठी ठेवल्या. कुणाला बांधावर पेट्या ठेवून पिकाचा मध काढायचा आणि तपासायचा असेल, तर माझ्या चुका तरी टाळता येतील.

२८ जुलै २०२४

चार पेट्या बांधावर बसवल्या. माश्या सातेरी, म्हणजे पेटीत पाळता येणाऱ्या देशी. एक पेटी वसाहतीसकट ४,८०० रुपयांना पडली, टेम्पोचे १,९०० वेगळे. ऐरोलीहून कल्याणमार्गे शेत साधारण ७० किलोमीटर. पावसात जायला तीन तास लागतात, म्हणजे दर रविवार यात जाणार हे घरी आधीच सांगून ठेवलं.

खाचरांत भात, वर वरकस जमिनीत नागली आणि दीड एकर खुरासणी. पेट्यांच्या घोडीचे (स्टँडचे) पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले, तरी तिसऱ्या दिवशी ३ नंबरच्या पेटीत मुंग्या. वाटीत पाणी होतं, पण वाऱ्याने गवताची एक काडी आडवी पडली होती आणि मुंग्यांना तेवढा पूल पुरला. आता घोडीभोवतीचं गवत हातभर कापून ठेवतो.

पावसात माश्यांना बाहेर काही मिळत नाही, म्हणून साखरेचा पाक देतो आहोत. जेवढी साखर तेवढंच पाणी, पेटीमागे २०० मिली, आठवड्यातून दोनदा.

२२ सप्टेंबर २०२४

खुरासणी फुलली. सकाळी ८ ते ११ वरकसावर नुसता गुणगुणाट असतो. आज मधकोठ्या, म्हणजे जादा मध साठवायचे पेटीचे वरचे मजले, चढवल्या. शेवटचा पाक १८ तारखेला दिला.

वरच्या डोंगरउतारावर कारवी फुलली आहे. आठ वर्षांनी फुलते, त्यामुळे वहिनी म्हणाली, “यंदा कारवीचं साल.” मी दोन फोटो काढले आणि खाली आले. त्याचा मधाशी काही संबंध असेल हे तेव्हा डोक्यातही आलं नाही.

आज आणखी एक काम केलं. खुरासणीची १० झाडं मच्छरदाणीच्या जाळीखाली झाकली. या पिकाला परपरागीभवन लागतं, आपल्याच परागाने दाणा नीट धरत नाही. माश्या नसतील तर काय होतं ते दादाला डोळ्यांनी बघायचं आहे.

१२ ऑक्टोबर २०२४, दसरा

मध काढला. काढायला नको होता.

दसऱ्याची सुट्टी होती, मधयंत्र मागून आणलेलं होतं आणि दुसऱ्या दिवशी परत द्यायचं होतं. मध पिकला की माश्या लावतात ती मेणाची टोपणं चौकटींवर निम्म्याच घरांना होती. चौकट आडवी धरून झटकली तर थेंब उडाले. पातळ मधाची याहून साधी खूण नाही, तरी मी “थोडं पाणी असेल, बघू” म्हटलं. चार पेट्यांचे मिळून ६.४ किलो निघाले. रंग फिकट सोनेरी, वासात किंचित हिरवटपणा.

जाळीखालच्या झाडांची बोंडं दादाने हातावर चोळली. बहुतेक दाणे पोकळ. उघड्या झाडांची बोंडं भरलेली. दादा काही बोलला नाही, पण संध्याकाळी पेट्यांवर टाकायला स्वतःहून जुना पत्रा घेऊन आला.

१३ ऑक्टोबर २०२४

मधासाठीचा हाताने धरायचा रिफ्रॅक्टोमीटर घेतला, १,४५० रुपये. पहिलं वाचन पाणी २१.२ टक्के. भारतीय अन्न सुरक्षा मानकात मर्यादा २० टक्के, म्हणजे थोडक्यात हुकलं असं वाटलं. पण उपकरण न तपासता आकडा मानायची मला सवय नाही.

तपासायला काचेवर पाण्याचा थेंब ठेवला आणि काहीच दिसेना. मधाच्या रिफ्रॅक्टोमीटरचं मोजमाप ५८ ब्रिक्सपासून (ब्रिक्स म्हणजे विरघळलेल्या साखरेचं माप) सुरू होतं, पाण्याचा शून्य त्यात येतच नाही. अर्धा तास उपकरण बिघडलं आहे असं समजून फुकट घालवला. त्यासाठी एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल लागतं. ते ७१ ते ७२ ब्रिक्स दाखवतं. वाशीहून १०० मिलीची बाटली आणली आणि स्क्रू फिरवून जुळवलं.

दुसरी चूक तापमानाची. उपकरणातली आपोआप दुरुस्ती ३० अंशांपर्यंतच चालते आणि माझ्या स्वयंपाकघरात ३३ होतं. गरम मधात पाणी जास्त दिसतं, दर अंशाला साधारण ०.१ टक्का. म्हणजे स्क्रूची चूक आकडा कमी दाखवत होती, उष्णतेची चूक वाढवत होती, आणि दोन्ही एकमेकींना झाकत होत्या. एसीच्या खोलीत २७ अंशांवर, बुडबुडा नसलेला थेंब घेऊन तीनदा वाचलं: २२.८ टक्के.

२० ऑक्टोबर २०२४

दोन बाटल्यांची झाकणं फुगली. उघडल्यावर फेस आणि ताकासारखा आंबूस वास. १.३ किलो मध गेला. एवढ्या पाण्यात, आपल्या हवेत, यीस्टला आठवडा पुरतो.

उरलेला मध दोन स्टीलच्या परातींत पातळ पसरवून बंद खोलीत ठेवला. एसी २६ वर, वर टेबलफॅन, परातींवर मलमल. तीन रात्रींत २२.८ वरून २०.६. त्याखाली उतरेना. मध हवेतलं पाणी घेतो तसं देतोही. हवेची आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की तो घेऊ लागतो. ऐरोलीला खाडीवरून येणाऱ्या हवेत खिडकी उघडी ठेवून मध उघडा ठेवणं म्हणजे त्यात पाणी ओतणंच. आणि परातीत मधाचा वास निम्मा उडाला. हा उपाय करता येतो, पण मी तो पुन्हा करणार नाही. पाणी पोळ्यातच उतरायला हवं, ते काम माश्या परातीपेक्षा चांगलं करतात.

९ नोव्हेंबर २०२४

परागकण. या नोंदीला जागा जास्त लागेल, कारण वहिनीच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे: माश्या ज्या फुलांवर जातात त्यांचे परागकण मधात राहतात.

जुना विद्यार्थी सूक्ष्मदर्शक ६,५०० ला घेतला, १० आणि ४० पट भिंगांचा. रीत अशी: १० ग्रॅम मध २० मिली कोमट पाण्यात विरघळवायचा, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचा, तळचा गाळ काचपट्टीवर घ्यायचा, ग्लिसरीन जेलीत थोडा रंग घालून झाकायचा आणि किमान ३०० कण मोजायचे. माझ्याकडे सेंट्रिफ्यूज नाही. आधी मिश्रण रात्रभर उभं ठेवून वरचं पाणी ओतून टाकलं, त्यात निम्मा गाळच गेला असावा, कारण दोन पट्ट्यांचे आकडे जुळेनात. शेवटी कॉलनीतल्या एका पॅथॉलॉजीवाल्यांनी दुपारच्या रिकाम्या वेळात मशीन वापरू दिलं.

मग ३०० कण मोजून कागदावर ओळींत मांडले आणि लक्षात आलं की कुठला कण कशाचा हे मला माहीतच नाही. मधाच्या आधी फुलांच्या पट्ट्या करायला हव्या होत्या. पुढच्या रविवारी शेतावर जाऊन १४ फुलांचे पराग कागदी पुड्यांत आणले. दोन आठवडे यात गेले.

खुरासणीचा कण सूर्यफुलाच्या कुळातला, गोल आणि सगळीकडून काटेरी, एकदा बघितला की विसरत नाही. गुळगुळीत गोल, एकाच भोकाचे कण भाताचे. पहिल्या मोजणीत ते मी धरले आणि खुरासणीचा वाटा उगाच खाली आला. भात आणि गवत वाऱ्यावर पराग सोडतात, त्यांच्या फुलात मधुरस नसतो, म्हणून ते मोजणीतून वगळायचे. आणि तिसरे होते लांबट, उभ्या पन्हाळी पाडल्यासारखे मोठे कण. ते कुठल्याच पुडीत सापडेनात. वहिनीला फोनवर चित्र पाठवलं, पण ती तरी कशी ओळखणार. डोंगरावरून आणलेली कारवीची सुकलेली फुलं वहीत होती, ती भिजवून पट्टी केली. तेच.

भात-गवत सोडून हिशेब: खुरासणी ३९ टक्के, कारवी ३४, बाकी रानफुलं २७. एका फुलाचा मध म्हणायला त्याचे कण साधारण ४५ टक्क्यांच्या वर हवेत. म्हणजे दीड एकर खुरासणीच्या कडेला पेट्या ठेवूनही माझा मध खुरासणीचा नाही. माशी बांध बघत नाही, तिने डोंगर निवडला.

हेही लिहून ठेवते: परागाचा टक्का म्हणजे मधुरसाचा टक्का नव्हे. काही फुलं पराग भरपूर सांडतात, काही कमी. पण लेबलावर पिकाचं नाव लिहायचं तर याहून जवळचा पुरावा माझ्या आवाक्यात नाही.

२८ नोव्हेंबर २०२४

महाप्याच्या एका प्रयोगशाळेत २५० ग्रॅम दिला होता, ५,२०० रुपये. अहवाल आला.

पाणी २०.६. क्षपणकारी शर्करा (ग्लुकोज, फ्रुक्टोजसारख्या साध्या साखरा) ७०.४ टक्के. फ्रुक्टोज-ग्लुकोज प्रमाण १.१२. एचएमएफ (मध तापला किंवा जुना झाला की वाढणारा पदार्थ) किलोला १४ मिलिग्रॅम, मर्यादा ८०. डायस्टेज (उष्णतेने नष्ट होणारं मधातलं विकर) ११, किमान ३ हवं. पाणी सोडलं तर इथपर्यंत ठीक. सुक्रोज, म्हणजे आपली नेहमीची साखर, ६.८ टक्के, मर्यादा ५.

माझ्या हाताने काढलेला, काही न मिसळलेला मध साखरेच्या चाचणीत नापास. त्या रात्री झोप आली नाही. सकाळी वहीची मागची पानं उलटली: शेवटचा पाक १८ सप्टेंबर, मधकोठ्या २२ सप्टेंबर. चार दिवस. पाक माश्यांनी खाऊन संपवला नव्हता, साठवला होता, आणि मी त्यावर मधकोठी ठेवली. माश्यांचं इन्व्हर्टेज हे विकर साखर तोडतं, पण त्याला वेळ लागतो. मी अर्ध्या टोपणांवर चौकट काढून तो वेळही दिला नाही. पाणी आणि साखर, दोन्ही दोषांचं मूळ एकाच घाईत होतं.

एक पळवाट होती. आपल्या मानकात कारवीच्या मधाला सुक्रोजची मर्यादा १० टक्के आहे, आणि माझ्या पट्टीवर ३४ टक्के कारवी होती. पण तो कारवीचा मधही नव्हता, आणि साखर कुठून आली ते मला ठाऊक होतं. हा मध विकला नाही. घरात चहात, लाडवांत संपवला.

१५ डिसेंबर २०२४

विद्युत वाहकता आणि सामू (पीएच) घरी मोजले. दोन पेनं मिळून २,३०० रुपये.

सामूला १० ग्रॅम मध ७५ मिली पाण्यात: ३.९. पट्टीच्या कागदाने मोजू नका, मधाच्या रंगात कागदाचा रंग कळत नाही. वाहकतेला सुका भाग २० ग्रॅम भरेल इतका मध घेऊन १०० मिली द्रावण करायचं, म्हणजे या मधाचे साधारण २५ ग्रॅम. पहिलं वाचन सेंटीमीटरला ०.४१ मिलिसिमेन्स. नळाचं पाणी वापरलं होतं, त्यातल्या क्षारांचीच भर. बॅटरीत घालायच्या पाण्याने पुन्हा: ०.३१. फुलांच्या मधाला ०.८ च्या आत अपेक्षित असतं.

दुसरी गोष्ट, मध गोठला. तळापासून रव्यासारखे कण आणि महिन्याभरात अर्धी बाटली घट्ट. ओळखीच्या एका बाईंनी बाटली परत आणली, “साखर खाली बसली आहे” म्हणून. त्यांना समजावलं की ग्लुकोज पाण्यात फार विरघळत नाही, ते बाहेर पडून कण धरतं. मोहरी, सूर्यफूल यांचे मध असेच लवकर बसतात. पटलं की नाही, माहीत नाही. लोक मध पाण्यात टाकून, काडी पेटवून, कागदावर थेंब ठेवून पारखतात. मी सगळं करून बघितलं. माझा साखरेत नापास झालेला मध या तिन्हींत उत्तम पास झाला.

२२ डिसेंबर २०२४

गोठलेली एक बाटली पातेल्यातल्या पाण्यात मंद आचेवर ठेवली आणि कामात तीन तास विसरले. पाणी ८० अंशांवर गेलं होतं. मध पातळ झाला, रंग गडद, वास काकवीसारखा.

डायस्टेज किती उरलं ते ढोबळ बघितलं. कॉर्नफ्लॉवरची अगदी पातळ खळ, त्यात मधाचं द्रावण, भांडं ४० अंशांच्या पाण्यात, आणि दर १० मिनिटांनी पांढऱ्या टाइलवर एक थेंब आयोडीनबरोबर. न तापवलेल्या मधाने ५० मिनिटांत निळा रंग घालवला. तापवलेल्याचा दोन तासांनीही निळाच. हा आकडा प्रयोगशाळेचा नव्हे, पण दोन बाटल्यांतला फरक दाखवायला पुरेसा आहे. आता वितळवायला पाणी ४५ अंशांच्या आत, थर्मामीटर लावून, आणि मी शेजारी बसून.

२ फेब्रुवारी २०२५

भात निघाल्यावर खाचरांत भेंडी आणि काकडी आहे. आज पेट्यांपुढे मूठ-मूठ मेलेल्या माश्या, जिभा बाहेर आलेल्या. हे विषाचं लक्षण. शेजारच्या काकांनी सकाळी ९ ला भेंडीवर फवारणी केली होती, नेमकी फूल उघडं असताना आणि माश्या फुलात असताना. चूक माझी. पेट्या ठेवताना मी फक्त दादाशी बोलले, आजूबाजूच्या एकाही शेतकऱ्याशी नाही. काकांना माश्या कुणाच्या हेही माहीत नव्हतं.

४ नंबरची पेटी भेंडीच्या सर्वांत जवळ. पंधरा दिवसांत उरलेल्या माश्या घर सोडून गेल्या.

काकांच्या ओट्यावर बसून बोललो. भेंडीचं फूल दुपारनंतर मिटतं, म्हणून फवारणी ५ नंतर, आणि आदल्या रात्री दादाला फोन. वहिनीने त्या संध्याकाळी दारं झाकायचं काम अंगावर घेतलं. त्यानंतर काकांनी तीनदा फवारलं, तिन्ही वेळा फोन आला.

९ मार्च २०२५

भाजीच्या फुलोऱ्याचा मध निघाला, तीन पेट्यांचा मिळून १.१ किलो. गडद, चवीला किंचित खारट कड. सामू ४.२, वाहकता ०.४८. पट्टीवर काकडी आणि शेवग्याचे कण जास्त. भेंडीवर माश्या सकाळभर असायच्या, पण तिचे काटेरी, अवाढव्य कण ३०० मध्ये फक्त ४ सापडले. वर म्हटलं ते इथे डोळ्यांनी दिसलं: कण नाहीत म्हणून मधुरस नाही असं म्हणता येत नाही. ‘भेंडीचा मध’ असं मी तरी कधी लिहू शकणार नाही.

२५ मे २०२५

गेल्या ऑक्टोबरच्या दोन बाटल्या मुद्दाम ठेवल्या होत्या, एक कपाटात, एक माळ्यावर स्लॅबखाली. माळ्यावर एप्रिल-मेमध्ये ३७ अंश दिसत होते. दोन्हींचं एचएमएफ तपासलं, प्रत्येकी १,४००. नोव्हेंबरात १४ होतं. आता कपाटातल्याचं २२, माळ्यावरच्याचं ४६. मर्यादेत दोन्ही आहेत, पण आणखी एक उन्हाळा माळ्यावर काढला तर राहणार नाही. गॅसवर न चढवताही आपल्या उन्हात मध तापतो. टपरीच्या पत्र्याखाली, टेम्पोत, गाडीच्या डिकीत ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

२० जुलै ते २१ सप्टेंबर २०२५

या खेपेला पाकाचा माग काढायचं ठरवलं. २ नंबरच्या पेटीला पाकात खाण्याचा लाल रंग चिमूटभर मिसळून दिला आणि तो जुन्या पद्धतीने, फुलोऱ्याच्या तोंडापर्यंत चालू ठेवला. १ आणि ३ नंबरला साधा पाक, तोही लागेल तेवढाच. चौकटीच्या वरच्या कडेला साठा दिसला की त्या आठवड्यात द्यायचा नाही. शेवटचा पाक २८ ऑगस्ट.

७ सप्टेंबरला २ नंबर उघडली. पिल्लांच्या चौकटींच्या वर लाल घरांची कमान. मधकोठी चढवल्यावर दहा दिवसांत मधकोठीतल्या घरांतही गुलाबी मध. राणीने अंडी वाढवली, जागा हवी झाली, आणि माश्यांनी खालचा साठा उचलून वर नेला. वर्षभर मी “पाक खाली होता, मध वर होता” असं मनाला सांगत होते, ते या एका चौकटीने संपलं.

१ आणि ३ नंबरमधून मधकोठी चढवण्याआधी पाकाने भरलेल्या, टोपणं लागलेल्या चौकटी काढून घेतल्या. १४ सप्टेंबरला मधकोठ्या चढवल्या, म्हणजे शेवटच्या पाकानंतर १७ दिवसांनी. हे काम नाजूक आहे. पाऊस लांबला असता तर साठा काढल्याने माश्या उपाशी पडल्या असत्या, म्हणून पेटीमागे एक भरली चौकट वहिनीने सुती कापडात गुंडाळून हाताशी ठेवली होती. लागली नाही.

१८ ऑक्टोबर २०२५, धनत्रयोदशी

दसऱ्याला मोह झाला होता. चौकटी उघडल्या, टोपणं साठ टक्के, परत लावल्या. आज १ आणि ३ नंबरच्या चौकटींवर ८५ टक्के टोपणं. आडवी झटकली, थेंब उडाला नाही. सकाळी १० नंतर, ऊन चढल्यावर काढला, गाळून दोन तासांत बरण्या बंद. ४.९ किलो. शेतावरच वाचलं, दादाने उपकरणावर सावली धरली: १९.१.

२ नंबरचा गुलाबी मध २.२ किलो, वेगळ्या डब्यात. तो माश्यांनाच परत जाईल.

२२ नोव्हेंबर २०२५

अहवाल आणि पट्ट्या दोन्ही तयार.

पाणी १९.१, सुक्रोज १.९, क्षपणकारी शर्करा ७४.६, फ्रुक्टोज-ग्लुकोज १.०८, एचएमएफ ९, डायस्टेज १३. घरी सामू ३.८, वाहकता ०.२७. परागकण: खुरासणी ७१ टक्के. कारवीचा एकही कण नाही, तिचं साल नव्हतं. हा आकडा जितका माझ्या कामाचा तितकाच डोंगराचाही आहे, हे विसरून चालणार नाही.

उसाच्या साखरेसाठी सी-४ चाचणी असते, ती केली नाही. तांदळाच्या पाकाची भेसळ तिच्यातही सापडत नाही, त्याला वेगळ्या, महागड्या चाचण्या लागतात. माझा प्रश्न माझ्याच पाकाचा होता आणि सुक्रोज व लाल रंग यांनी तो सोडवला.

आजवरचा खर्च: पेट्या आणि टेम्पो २१,१००, उपकरणं १०,२५०, प्रयोगशाळा १३,२००. एकूण ४४,५५०, प्रवास सोडून. त्यात विकला गेला फक्त या हंगामाचा ४ किलो मध, ७०० रुपये भावाने, २,८०० रुपये. पैशांसाठी करणाऱ्याने सूक्ष्मदर्शक न घेता दरवर्षी एकच नमुना तपासून घ्यावा. रिफ्रॅक्टोमीटर मात्र घ्यावाच.

बाटल्यांवर काय लिहायचं यावर वहिनीशी बराच वेळ बोलणं झालं. ‘शुद्ध’ हा शब्द तिला हवा होता, मला नको होता. शेवटी तिने स्वतःच्या अक्षरात लिहिलं: “खुरासणीचा मध. परागकण ७१ टक्के. काढणी १८ ऑक्टोबर २०२५. पाणी १९.१ टक्के. थंडीत गोठतो.” पहिली बाटली भेंडीवाल्या काकांकडे गेली. त्यांनी जानेवारीत काकडीच्या वाफ्याजवळ दोन पेट्या मागितल्या आहेत, फवारणीचा दिवस तेच आधी ठरवून कळवणार आहेत.